चित्र या अंकात, नाव पुढच्या अंकात

त्या दिवशी सकाळी मी खळ शिजवत होते. मैद्याची खळ, त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे कागदाला कसर लागत नाही. पत्ता बदलल्यामुळे परत आलेले सतरा अंक नव्या वेष्टनात घालायचे होते. खळीला उकळी येईपर्यंत मी केर काढला, टाकीत पाणी सोडले, संपादकांचा चष्मा पुसून टेबलावर ठेवला आणि खडू घेऊन जिना उतरले. खाली छापखान्याच्या दाराशेजारी आमचा फळा असे. त्यावर अकरा नावे होती. नववे नाव गल्लीत दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पाट्यावाल्याचे. ते पुसायला मी हात उचलला आणि पुसले नाही. कोपऱ्यातली तारीख बदलली, हात झटकले आणि वर आले, तोवर खळ तळाला लागली होती.

मृत्युपत्राची सुरुवात अशी करत नाहीत हे मला माहीत आहे. वकीलबाईंनी दिलेल्या नमुन्यात पहिल्या ओळीत नाव, वय आणि पत्ता आहे. पण मला जे द्यायचे आहे त्याची सुरुवात या सकाळपासून होते, म्हणून ती आधी लिहिली. आता नमुन्याप्रमाणे.

मी, खाली सही करणार बाई, वय वर्षे एकाहत्तर, धंदा पूर्वी छापखान्यात खिळे जुळवण्याचा आणि आता काही नाही, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. मला साखरेचा आजार आहे, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, वेड नाही. हे लिहिण्यासाठी माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही. जी काही जबरदस्ती झाली ती न लिहिण्यासाठी झाली. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. यापूर्वीचे एकच आहे. ते धाकट्या दिरांनी, म्हणजे भाऊजींनी, टंकून आणले होते आणि मी त्यावर सही केली नव्हती. तरी रद्द करते.

कलम पहिले: घर

खाली छापखाना आणि वर दोन खोल्या, असे हे घर माझ्या नावावर आहे. ते मी पाट्यावाल्याच्या मुलीला देते. ती आता अठ्ठावीस वर्षांची आहे, चष्म्याच्या दुकानात काचा घासते. तिचे कागदोपत्री नाव वकीलबाईंकडे दिले आहे. मी तिला ठिपकी म्हणते, कारण तिचे वडील म्हणत. लहानपणी तिच्या नाकावर कायम कुठल्यातरी रंगाचा ठिपका असे.

ती आमच्या नात्यातली नाही. मग घर तिला का, असा प्रश्न भाऊजी विचारतील. उत्तर पाचव्या कलमात आहे. त्यांना घाई असेल तर सरळ तिथे जावे, नाहीतरी ते कुठलेही पुस्तक शेवटाकडूनच वाचतात.

शेजारच्या प्रार्थनाघराच्या व्यवस्थापकांना हे घर हवे आहे. गेल्या वर्षात ते तीन वेळा येऊन गेले. फार गोड बोलतात. तिसऱ्या वेळी म्हणाले, "आजी, जुनं बांधकाम आहे, वायरिंग जुनं आहे. तुम्ही एकट्या. आम्हाला काळजी वाटते."

मी म्हटले, "काळजी वाटते तर वायरमन पाठवा."

ते हसले. जाताना त्यांनी जिन्याच्या लाकडी कठड्यावरून बोट फिरवले, लाकूड किती वाळले आहे ते पाहिल्यासारखे.

ठिपकीने घर कोणाला विकावे यावर मी अट घालत नाही. फक्त विनंती आहे: त्यांना नको.

कलम दुसरे: यंत्र, खिळे आणि पुस्तके

खाली एक पायाने चालवायचे छपाई यंत्र आहे. अजून चालते. दर महिन्याला तेल घालते. खिळ्यांचे अठरा खण आहेत, म्हणजे शिशाची अक्षरे ठेवण्याचे कप्पे. त्यातला सातवा खण ओढताना डावीकडे उचलावा लागतो, नाहीतर सगळी अक्षरे पायावर पडतात.

लग्न होऊन आले तेव्हा मला वाचता येत नव्हते. छापून झाले की खिळे ज्या त्या कप्प्यात परत टाकायचे, हे काम मला मिळाले. खिळ्यावरचे अक्षर उलटे असते, आरशातल्यासारखे. मी आधी उलटे वाचायला शिकले, सुलटे नंतर. दोन वर्षांनी संपादकांना एक चूक दाखवली, तेव्हा ते खुर्चीतून उठलेच. "तुला वाचता येतं?"

"तुमच्यापेक्षा सावकाश," मी म्हटले.

संपादक म्हणजे माझे यजमान. सगळे त्यांना तसेच म्हणत, मीही म्हणायला लागले. त्यांना नऊ वर्षांपूर्वी सकाळी चहा पिताना हृदयाचा झटका आला. कप त्यांनी आधी नीट बशीत ठेवला.

यंत्र आणि खिळे ठिपकीला. कपाटातली पुस्तके शाळेच्या वाचनालयाला. त्यांत जागोजागी माझ्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, त्या खोडू नयेत. जिथे फुली आहे तिथे मला पटलेले नाही.

शब्दकोश मात्र भाऊजींना. का ते पुढे येईल.

कलम तिसरे: अनवाणी

खालच्या खोलीत आमच्या त्रैमासिकाच्या सत्तेचाळीस अंकांचे दोन पूर्ण संच आहेत. त्रैमासिकाचे नाव 'अनवाणी'. एक संच ठिपकीला, एक विद्यापीठाला, त्यांनी घेतला तर.

'अनवाणी'मध्ये श्रद्धा आणि आजची कला यांवर लिखाण असे. संपादकांचे म्हणणे होते, "गुडघे टेकणारा आणि रंग कालवणारा, दोघं एकाच गोष्टीची वाट बघतात. एकमेकांना ओळख दाखवत नाहीत इतकंच." निम्मे वाचक तक्रार करत की यात देव फार झाला, निम्मे करत की चित्रे फार झाली. दोन्ही बाजूंची पत्रे सारखी आली की संपादक म्हणत, अंक जमला.

आमचा एक नियम होता. मुखपृष्ठावरच्या चित्राखाली नाव छापायचे नाही. चित्र या अंकात, नाव पुढच्या अंकात. माणूस आधी नाव पाहतो आणि मग चित्राला मान डोलवतो, असे संपादकांना वाटे. तीन महिने चित्र नुसते चित्र म्हणून पाहा, मग सांगू. चित्र पाठवणाऱ्याला हा नियम आधी कळवत असू. कबूल असेल तरच चित्र घ्यायचे.

या तीन महिन्यांत वाचक अंदाज लिहून पाठवत. ते अंदाज मी फळ्यावर लिहीत असे. वर ठळक ओळ: "चित्र कुणाचे? वाचकांचे अंदाज." खाली एकेक नाव. येणारे-जाणारे थांबून वाचत, हसत, पैजा लावत. ही कल्पना माझी. संपादकांना ती बालिश वाटली होती, पण त्यांनी फळा विकत आणून दिला.

कलम चौथे: सत्तेचाळिसावे चित्र

हे एकोणीस वर्षांपूर्वीचे. सत्तेचाळिसाव्या अंकावर जे चित्र छापले ते असे: प्रार्थनाघराच्या आतले मोठे आसन, ज्यावर कोणी बसत नाही आणि ज्याच्यासमोर सगळे वाकतात. त्या आसनावर झाडणारी बाई बसल्या बसल्या झोपली आहे. मान एका बाजूला कललेली. केरसुणी मांडीवर, मूल असावे तशी. पायांना भेगा. खिडकीतून आलेला उजेड तिच्या पायांपर्यंत येऊन थांबला आहे. पुढे जायचा त्याला धीर होत नाही असे वाटते. मी पुष्कळ चित्रे पाहिली आहेत. श्रद्धेचे याहून खरे चित्र मी पाहिलेले नाही, आणि हे मी आजही म्हणते.

पहिले दोन महिने कोणी काही बोलले नाही. मग कोणीतरी ते मुखपृष्ठ प्रार्थनाघरात नेऊन दाखवले. आसनाचा अपमान झाला, अशी पत्रके निघाली. ती झाडणारी बाई चेहऱ्यावरून ओळखू आली आणि तिला कामावरून काढले. मी तिला पुष्कळ शोधले, ती सापडली नाही. कधी सापडली तर संपादकांची हातांची वेताची खुर्ची तिला द्यावी. तीत बसून चांगली झोप लागते.

तेवढ्यात एका वाचकाचे कार्ड आले. "कपड्याच्या चुण्या बघा. पाटीवरच्या अक्षरांसारख्या वळतात. हा हात तुमच्या गल्लीतल्या पाट्यावाल्याचा." मला ते फार हुशारीचे वाटले. मी नवव्या ओळीत त्याचे नाव लिहिले.

पाट्यावाला त्याच संध्याकाळी आला. उंच, वाकलेला, हाताला कायम टर्पेंटाइनचा वास.

"वहिनी, हे काय? मी?"

"एका वाचकाचा अंदाज आहे. पुसते."

"अहो पुसू नका! बावीस वर्षं मी 'दारासमोर गाडी लावू नये' लिहितोय. कधी नव्हे ते कुणीतरी चित्रकार म्हटलंय."

"पण लोक चिडलेत. पत्रकं बघितलीत ना?"

"चिडलेत ते चित्रावर. आणि पुढच्या अंकात खरं नाव येईलच की. तोवर तीन आठवडे मला मिरवू द्या."

दुसऱ्या दिवशी तो ठिपकीला खांद्यावर बसवून घेऊन आला. ती नऊ वर्षांची होती, खांद्यावर बसायच्या वयाची नव्हती, तरी. "वाच. नववं नाव कुणाचं आहे?" तिने मोठ्याने वाचले. दोघे हसत गेले. मी दारात उभी राहून बघत होते आणि मला बरे वाटले होते.

पुढे आठवडाभर रोज मी खडू घेऊन खाली जाई आणि ते नाव पुसावे की नाही याचा विचार करी. आठव्या दिवशीची सकाळ मी सुरुवातीला लिहिली आहे. त्या दिवशी दुपारी चार वाजता गल्लीच्या टोकाची त्याची टपरी पेटली. टपरीत रंगाचे डबे होते, टर्पेंटाइन होते आणि तो होता. दाराला बाहेरून कडी होती असे दोघे जण म्हणाले. नंतर दोघेही म्हणाले की आम्ही पाहिले नाही.

तो सात दिवस जगला.

पोलिसांच्या कागदात दोन गोष्टी लिहिल्या आहेत. आग टर्पेंटाइनमुळे लागली. आणि छापखान्याबाहेरचा फळा कोरा आढळला.

भाऊजींनी पोलिसांना सांगितले, "वहिनींना लिहितावाचता येत नाही. त्या काय फळ्यावर लिहिणार?" हे त्यांनी मला वाचवायला सांगितले, की घराची अब्रू वाचवायला, की त्यांना खरेच तसे वाटत होते, हे मी एकोणीस वर्षांत ठरवू शकले नाही. म्हणून शब्दकोश त्यांना. 'कृतज्ञता' आणि 'अपमान' या दोन शब्दांवर खूण करून ठेवली आहे. त्यांनी निवडावे.

कलम पाचवे: पाट्यावाल्याचे नाव

गावात पक्के झाले की चित्र पाट्यावाल्यानेच काढले होते. "स्वतः फळ्यावर नाव लिहून घेतलं, मिरवत होता." फळ्यावर आणखी दहा नावे होती, वर "अंदाज" असे लिहिले होते, हे कोणाच्या ध्यानात राहिले नाही, आणि दाखवायला फळ्यावर काही उरले नव्हते. ठिपकी शाळेत 'त्याची मुलगी' झाली. तिच्या आईला प्रार्थनाघराच्या पायरीवरून परत पाठवले. ती बाई आतल्या आत झिजून गेली. ठिपकीचे लग्न दोनदा ठरून मोडले, दोन्ही वेळा कोणीतरी जाऊन जुनी गोष्ट सांगितली म्हणून.

पाट्यावाल्याने ते चित्र काढले नव्हते.

ते काढले होते प्रार्थनाघराच्या मुख्य गुरुजींनी.

हे मी नीट विचार करून लिहिते आहे. चित्रासोबत आलेले त्यांचे पत्र माझ्याकडे आहे. अक्षर त्यांचे, सही त्यांची. त्यातला एवढाच भाग उतरवते:

"गेल्या आठवड्यात दुपारी आत गेलो तर झाडणारी बाई आसनावर झोपलेली. तिला उठवणार होतो. तीस वर्षं मी त्या आसनासमोर बसतो आहे. त्या दुपारी पहिल्यांदा वाटलं की तिथे कोणीतरी आहे. आवाज न करता बाहेर आलो आणि हे काढलं. तुमचा नियम मला माहीत आहे. पुढच्या अंकात नाव द्यायला माझी हरकत नाही."

आगीनंतर तिसऱ्या दिवशी गुरुजी आमच्याकडे आले होते. वेताच्या खुर्चीत बसले. पाट्यावाला तेव्हा दवाखान्यात जिवंत होता. गुरुजी म्हणाले, "मी शब्द मोडत नाही. पण मला थोडा वेळ द्या. लोक शांत होऊ द्या."

संपादक म्हणाले, "पुढच्या अंकापर्यंत."

पुढचा अंक निघालाच नाही, म्हणून ती मुदत संपलीच नाही. संपादकांनी छापखान्याला कुलूप लावले. मी भांडले. ते म्हणाले, "एक नाव लिहिलं आणि एक माणूस गेला. दुसरं मी लिहिणार नाही." खोटे त्यांनी कधी छापले नाही, आणि खरेही छापले नाही. पुढची दहा वर्षे ते जेवायला बसत, झोपत, पेपर वाचत, पण घरात नसत. नियम चांगला होता. त्यात एकच खोट होती: पुढचा अंक येईलच, असे आम्ही धरून चाललो होतो.

कलम सहावे: गुरुजींची भेट

मी गेल्या हिवाळ्यात त्यांच्याकडे गेले. आता ते चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. लोक त्यांच्या पायाखालची माती घेऊन जातात. मला त्यांनी ओळखले. बाकीच्यांना बाहेर जायला सांगितले.

मी म्हटले, "गुरुजी, तुम्ही स्वतः सांगा. मी सांगण्यापेक्षा ते बरं."

"अजून चित्रं काढता का, असं विचारायला कुणीतरी येईल असं वाटायचं," ते म्हणाले. "त्यानंतर एक रेघ काढली नाही मी."

"पाट्यावाल्यानेही काढली नाही."

"मी बोललो तर हे प्रार्थनाघर राहणार नाही."

"प्रार्थनाघर राहील, गुरुजी. तुम्ही राहणार नाही."

त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवले. मी उठले. दार उघडले तर व्यवस्थापक दाराला अगदी लागून उभे होते. म्हणाले, "आजी, सावकाश. पायरी आहे."

त्यानंतर आठव्या दिवशी सकाळी माझ्या पत्रपेटीत एक चिंधी सापडली. दुसरे काही नाही, चिठ्ठी नाही. घडी घातलेली पांढरी चिंधी, टर्पेंटाइनमध्ये भिजवलेली. पुढच्या महिन्यात आणखी एक. समोरच्या ओट्यावर दोन तरुण बसू लागले आहेत. मी बाहेर पडले की उभे राहून नमस्कार करतात. वकीलबाईंचा कारकून सहा वर्षांची नोकरी सोडून अचानक गेला, आणि जाताना माझी फाईल टेबलावर उघडी होती.

हे गुरुजींनी करवले असे मी म्हणत नाही. मला तसे वाटतही नाही. गुरुजी फक्त गप्प बसतात. बाकीचे आपोआप होते.

कलम सातवे: आगीबद्दल

हे कलम वकीलबाईंना नको होते. "असं काही लिहू नये हो," त्या म्हणाल्या. मी लिहिते.

माझ्या घरात टर्पेंटाइन नाही. रॉकेल नाही. यंत्र धुवायला मी साबणाचे पाणी वापरते. स्वयंपाक विजेच्या शेगडीवर करते, आणि काम झाले की तिची वायर काढून भिंतीवरच्या खिळ्याला टांगते. मेणबत्ती लावत नाही, उदबत्ती लावत नाही. वायरिंग गेल्या महिन्यात पूर्ण नवे करून घेतले, त्याची पावती या कागदाला जोडली आहे. माझ्या दाराला बाहेरून कडी नाही. होती, ती मी काढून टाकली. भिंतीत चार भोके दिसतील.

तेव्हा जे काही होईल त्याला कोणी अपघात म्हणू नये.

कलम आठवे: अठ्ठेचाळिसावा अंक

'अनवाणी'चा अठ्ठेचाळिसावा अंक तयार आहे. आठच पानांचा आहे. मजकूर मी एकटीने जुळवला, एका डोळ्याने, पाच महिन्यांत. छापलाही मीच. यंत्राचा आवाज होतो म्हणून रोज सकाळी पाण्याचा पंप चालू असतानाच छापत असे. त्यात काय आहे ते सांगते. पहिल्या पानावर सत्तेचाळिसाव्या चित्राची लहान प्रत आणि खाली चित्रकाराचे खरे नाव, नियमाप्रमाणे. पुढच्या पानांवर गुरुजींचे पत्र, पूर्ण. मग त्या सकाळचा फळा जसाच्या तसा: वरची ठळक ओळ, अकरा अंदाज, कोपऱ्यातली तारीख. क्रमासकट सगळे पाठ आहे. आणि मग पाट्यावाल्याविषयी दोन पाने. त्यात त्याने रंगवलेल्या ज्या पाट्या गावात अजून लटकत आहेत त्यांची यादी आहे. चौतीस आहेत. चालत फिरून मोजल्या. जाऊन बघाव्यात, अक्षर फार देखणे आहे.

अंकांना वेष्टने घातली आहेत, पत्ते लिहिले आहेत. वर्गणीदार तीनशे अकरा होते. त्यांतले पुष्कळ गेले असतील. त्यांच्या पत्त्यावर जो कोणी राहत असेल त्याने वाचावा. या प्रती माझ्या घरात नाहीत. कुठे आहेत ते मी या कागदावर लिहीत नाही. ज्याला माहीत असायला हवे त्याला माहीत आहे, आणि तो साक्षीदार नाही, वकील नाही आणि नातलग नाही. बँकेतली माझी ठेव टपाल हशिलासाठी आहे. उरले तर ठिपकीला.

मी गेल्यावर पहिल्याच दिवशी एक प्रत गुरुजींच्या हातात द्यावी. व्यवस्थापकांच्या नाही, त्यांच्याच. सोबत मूळ चित्रही परत द्यावे, कारण ते त्यांचे आहे. बाकीचे अंक आठव्या दिवशी टपालात पडतील. मधल्या सात दिवसांत गुरुजींनी स्वतः उभे राहून सांगितले, तर त्यांचे म्हणणे वेगळ्या कागदावर छापून अंकात घालावे आणि तो कागद सर्वांत वर ठेवावा. पाट्यावाल्याला सात दिवस मिळाले होते. गुरुजींना सात दिवस.

त्यांना कोणी इजा करू नये. हे मी प्रत्येक पानाच्या खाली छापले आहे. नाव सांगणे वेगळे आणि माणूस दाखवून देणे वेगळे, हे शिकायला मला एक माणूस खर्च करावा लागला.

फळा अजून आहे. जिन्याखाली, गोणपाटात गुंडाळून ठेवला आहे. ठिपकीला हवा असेल तर तिचा. नको असेल तर एखाद्या शाळेला द्यावा. फोडू नये.

कलम नववे: ठिपकीसाठी

बाळ, तू दर रविवारी येतेस, माझ्या डोळ्यांत थेंब घालतेस आणि म्हणतेस, "काकू, तुम्हीच एक आमच्याशी नीट वागलात." दर वेळी मी म्हणते, चहा घे. आता तू हे वाचशील तेव्हा मी समोर नसेन, म्हणून धीर करते.

अंकात सगळे आहे, एक ओळ सोडून. ती मी तीनदा जुळवायला घेतली. तिन्ही वेळा अक्षरे हातात धरून बसले आणि परत कप्प्यांत टाकली. आठव्या पानावर तळाशी तिच्यापुरती जागा मोकळी सोडली आहे. वकीलबाईंनी ती ओळ इथून उतरवून, कागदावर छापून ठेवावी; अंक ज्याच्याकडे आहेत तो येऊन ते कागद नेईल आणि वेष्टने उघडून प्रत्येक अंकात त्या जागी चिकटवील. खळ मैद्याची करावी. घर घ्यायचे की नाही, माझ्या नावाने पाणी द्यायचे की शिव्या द्यायच्या, हे तू ती वाचून ठरव. काहीही ठरवलेस तरी घर तुझेच राहील, तसे कायद्याने करून ठेवले आहे.

वकीलबाई सांगतात की सहीच्या खाली लिहिलेले धरत नाहीत. म्हणून ती ओळ सहीच्या वर लिहिते.

आगीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, पोलीस यायच्या आधी, मी ओले फडके घेऊन खाली गेले आणि फळा पुसला.

सही: (स्वतःच्या हाताने, पूर्ण नावाची)

साक्षीदार पहिला: निवृत्त पोस्टमन, यांनी बारा वर्षे 'अनवाणी' घरोघर पोहोचवले.
साक्षीदार दुसरी: शेजारची शिवणकाम करणारी बाई.

दोघांनी मला सही करताना डोळ्यांनी पाहिले आणि मग एकमेकांसमोर सह्या केल्या. मजकूर दोघांनीही वाचलेला नाही. तो मी त्यांना वाचू दिला नाही, त्यांना घरी मुलेबाळे आहेत म्हणून.

ठिकाण: राहते घर, वरचा मजला, खिडकीजवळचे टेबल.
तारीख: वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे तीच. वेळ सकाळी साडेनऊ. समोरच्या ओट्यावर आज तिघे आहेत.